मोगऱ्याच्या ओळीतलं एक ‘हाव’

गाडी साडेनऊची हाय म्हणून म्या सातलाच मुदखेडच्या फलाटावर येऊन बसलो. फळ्यावर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई आन् कुणाला इचारायची लाज वाटती, म्हणून कुणाला आणायचं आसलं की मी सगळ्याच गाड्यांना उठून उभा राहतो. त्या दिवशी दोन मालगाड्या आन् एक पाशिंजर अशा तीन गाड्यांचं स्वागत केलं. एका मालगाडीच्या गार्डानं मला हात पण केला. बरा माणूस व्हता.

मांडीवर ओलं फडकं. फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या. तोंड मिटलेल्या, पहाटं तोडलेल्या. नांदेडहून मिल्या येऊन राहिला व्हता. मिल्या म्हंजे मिलिंद. आता त्याला सगळे सर म्हणतात, कालेजात शिकवतो, डोक्याला टक्कल पडलंय म्हणतात. मला मातर तो आठवतो तो मोगऱ्याच्या झाडाच्या पल्याड, नुसतं कपाळ आन् दोन डोळे.

फलाटाच्या त्या टोकाला फुलांच्या टोपल्या लावून ठिवल्या व्हत्या. ओल्या पोत्याचा वास, डिझेलचा वास, चहाच्या भांड्याचा वास, आन् ह्या सगळ्याच्या वरून मोगरा. ह्या टेशनाचं सगळं बदललं. बाकडं बदललं, छत बदललं, चहा देणारा बदलला. वास तेवढा कुणी बदलला न्हाई. तो वास नाकात गेला की मी पन्नास वर्षांचा राहतच न्हाई. अकरा वर्षांचा होतो. कामून होतो, ते सांगतो.

(हे मी बोललो तसं सुनबाईनं लिवून काढलंय. चुका तिच्या, थापा माझ्या.)

आमचं गाव मुदखेडपासून दीड कोसावर. घराच्या मागं मोगऱ्याच्या आठ ओळी. मोगरा पहाटं तोडावा लागतो. ऊन लागलं की कळी उमलते, आन् उमललेलं फूल गाडीत बसून कुठंच पोचत न्हाई. म्हणून उन्हाळाभर आमच्या घरी तांबडं फुटायच्या आधी उठायचे. माय पदराची ओटी करायची. आम्हा पोरांच्या कमरेला डालड्याचा डबा बांधायची. रिकाम्या डब्यात पहिली कळी पडली की टप्प आवाज यायचा. मग टप टप. मग डबा भरत आला की आवाज मरून जायचा, नुसतं मऊ. माय त्या आवाजावरूनच वळखायची कोण काम करून राहिलं आन् कोण न्हाई. माझ्या डब्यातून सकाळभर टप टपच ऐकू यायचं.

“उमललेल्याला हात लावू नगंस,” माय म्हणायची. “तोंड मिटलेली बघून तोड. आन् सोताचं बी तोंड जरा मीट.”

मिल्याची माय, पारूमावशी, आमच्याकडं तोडणीला यायची. त्याचा बाप रेल्वेच्या पटरीवर गँगमन. नाल्याच्या पल्याड बौद्धवाड्यात त्यांचं घर. तोडणीची पहिली ओंजळ माय आमच्या देवाला ठिवायची, आन् पारूमावशी पदराच्या टोकाला चार कळ्या बांधून घिऊन जायची, त्यांच्या भिंतीवरच्या दोन फोटोंना. दोन घरांत एकाच झाडाचा वास.

एका ओळीला दोघं, असा कायदा व्हता. एक अलीकडून, एक पलीकडून. मधी झाड. ती माझी आन् मिल्याची ओळ. झाड कमरेएवढं, पण आम्हीच कमरेएवढे व्हतो, म्हणून दिसायचं न्हाई काही. पानांतून बोलायचो. त्याचा हात ह्या बाजूला आला की मी चिमटा काढायचो. त्याच्या बोटाला मोगऱ्याचा वास आन् शाईचा वास, दोन्ही.

मी दुसरीत शाळा सोडली. लोक म्हणतात गरिबीनं सोडली, बापानं सोडवली. तसलं काही न्हाई. आमची म्हैस एकटी राहत नव्हती आन् मी वर्गात गप राहत नव्हतो, दोघांची सोय झाली. मला एकच गोष्ट येत व्हती: आवाज काढणं. म्हशीचा, टेशनातल्या घंटीचा, गावच्या पाटलाच्या खोकल्याचा. आन् सगळ्यात भारी म्हंजे आमच्या गुरुजींचा. गुरुजी नाकातून बोलायचे. “काय रे” म्हणल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नव्हतं. मी गुरुजींचा आवाज काढला की बाया तोडणी सोडून खाली बसायच्या हसून हसून. गुरुजींनी सोता एकदा ऐकलं. मारलं न्हाई. “काय रे सोंगाड्या,” म्हणले, “माझं सोंग माझ्यापेक्षा बरं करतोस.” तवापासून गावात माझं नाव सोंगाड्या पडलं. खरं नाव आता रेशनकार्डावरच हाय.

मिल्याला आवाज काढता येत नव्हता. लई प्रयत्न करायचा बिचारा. त्यानं गुरुजींचा आवाज काढला की बकरी आजारी पडल्यावानी वाटायचं. पण त्याला वाचता येत व्हतं. भज्याचा कागद, फुलाच्या टोपलीत घातलेला पेपर, डब्यावरची जाहिरात, जे दिसंल ते वाचायचा. फलाटावर टोपल्या टेकवल्या की आम्ही तिथंच बसायचो. तो पेपरातलं वाचायचा आन् मी त्याला आवाज द्यायचो. मंत्री बोलला की मंत्र्याचा, बाई रडली की बाईचा. हमाल लोक भवताली गोळा व्हायचे. आम्ही दोघं मिळून एक शिकलेला माणूस व्हतो. निम्मा तो, निम्मा मी.

म्हणून मला वाटायचं की हे असंच चालणार. निम्म्यानं उठून कुठं जायचं?

पण गुरुजींनी त्याच्यात काहीतरी बघितलं. लातूरला एक मोठी शाळा, तिथं परीक्षा द्यायची, पास झालं की तिथंच राहायचं, तिथंच खायचं, तिथंच शिकायचं. गुरुजी सांच्याला मिल्याच्या घरी जायला लागले. लातूर, लातूर, लातूर. मी लातूर बघितलं नव्हतं. मला लातूर एखाद्या पोरीचं नाव वाटायचं. माझ्या दोस्ताला लगीन लावून घिऊन चाललेली, लांब वेणीची, गोरी, शानी पोरगी. रात्रंदिवस मला तिचा राग यायचा.

त्यात आमची माय. “बघ त्याला,” म्हणायची, भाकर थापता थापता. “त्या लेकराच्या डोक्यातलं पाव आसतं तुह्या डोक्यात तर म्या गावाला पेढे वाटले आसते.” मिल्या तिथंच बसलेला आसायचा, चहा पीत. लाजायचा. मी वरून हसायचो, मायचा आवाज काढून तेच वाक्य म्हणून दाखवायचो, माय बी हसायची. आतून मातर असं वाटायचं की देवानं दोघांचं मिळून जे काय पाठवलं ते ह्या गड्यानं वाटंतच एकट्यानं खाल्लं.

परीक्षा रविवारी व्हती. म्हणून बुधवारी मिल्या निवांत तोडणीला आला. त्याची माय उमरीला बहिणीच्या बाळंतपणाला गेली व्हती, दोन दिवसांत परत येणार, बाप पटरीवर. घराला कुलूप. मिल्या आमच्याच गोठ्यात माझ्याजवळ झोपला व्हता.

उजाडत व्हतं. आमच्या ओळीचा माझ्याकडचा भाग उरकला नव्हता, त्याचा उरकला व्हता, नेहमीप्रमाणं. “मी त्या टोकाकडून दुसरी ओळ धरतो,” म्हणून तो गेला. माय टोपली घिऊन विहिरीवर. इतक्यात बांधावर जीप थांबली. गुरुजी उतरले. धोतराचा सोगा हातात, घामाघूम, ओलं गवत तुडवत.

“काय रे सोंगाड्या, परीक्षेचा दिवस बदलला. आज हाय. आज! रात्री निरोप आला. घराला कुलूप हाय त्याच्या. मिलिंद गेला का मायसंगं उमरीला?”

माझ्या हातात एक कळी व्हती. हिरवट देठाची, घट्ट मिटलेली. ती मला अजून दिसती. तीन गोष्टी म्हणता आल्या आसत्या. न्हाई म्हणता आलं आसतं. थांबा, हाक मारतो, म्हणता आलं आसतं. काहीच बोललो नसतो तरी चाललं आसतं, गुरुजी दोन पावलं पुढं आले आसते आन् त्यांना तो दिसला आसता. सगळ्या गावात सगळ्यात जास्त बडबड करणाऱ्या पोराला त्या टायमाला एकच शबूद सुचला.

“हाव,” म्या म्हणलं.

गुरुजींचा चेहरा एवढा उतरला की मला त्यांचा आवाज पुन्हा कधी काढता आला न्हाई. उमरी लातूरच्या उलट्या अंगाला, तिकडून आणायला टाइम नव्हता. जीप गेली. मी ती कळी डब्यात टाकली. टप्प.

थोड्या वेळानं मिल्या आला. कपाळाला पानं चिकटलेली. “कुणाची जीप व्हती रे?”

“चुकून आली व्हती.”

“हाव का,” तो म्हणला, आन् तोडायला लागला.

पुढं त्याबद्दल ना गुरुजींनी मला इचारलं, ना मिल्यानं. त्याचं एक वर्ष म्या खाल्लं. पुढच्या साली तो परीक्षेला बसला आन् गेला लातूरला. मधलं वर्ष त्यानं टोपल्या वाहिल्या, माझ्याबरोबर, फलाटावर. लोक इचारतील वाईट वाटलं का. खरं सांगतो, माझ्या जिंदगीतलं सगळ्यात सुखाचं वर्ष ते. म्हणूनच त्याची एवढी लाज वाटती.

एकदाच लातूरला गेलो त्याला भेटायला. चौदा-पंधरा वर्षांचे आसू. पहाटं कळ्या तोडल्या, ओल्या फडक्यात बांधल्या, नांदेडला एसटी बदलली. दुपारपर्यंत एसटीतल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघून हुंगून राहिल्या, कंडक्टर म्हणला, “पोरगी बघायला चाललास व्हय?” लातूरच्या उन्हात फडकं उघडलं तर सगळ्या कळ्या उमलून, पिवळ्या पडून, भाजीवानी झालेल्या.

मिल्या वसतिगृहाच्या फाटकात आला. इस्त्रीचा शर्ट. बरोबर त्याचे चार दोस्त. मला वाटलं आपला गडी हाय, आपण ह्याचं नाक वर केलं पायजे, म्हणून म्या सगळे आवाज काढले. म्हैस काढली, घंटी काढली, पाटील खोकलला. पोरं लई हसली. मग एकानं इचारलं, “तू याचा मित्र का?”

“हाव,” म्या म्हणलं.

त्यावर ते आधीपेक्षा जास्त हसले. “हाव! हाव!” करून एकमेकांच्या पाठीवर मारायला लागले. मला कळंना, आता तर म्या कुणाचाच आवाज काढला नव्हता.

मिल्या मला बाजूला घिऊन गेला. कान लाल झालते त्याचे. “हाव नको म्हणूस हितं,” म्हणला. “हो म्हण.”

“का बरं?”

“पुस्तकात हाव म्हंजे येगळं. हाव म्हंजे लोभ. सगळं मलाच पायजे, दुसऱ्याला काही नको, असं वाटणं.”

त्यानं साधंच सांगितलं, शिकवल्यावानी. पण माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मला वाटलं ह्याला कळलंय. मोगऱ्याच्या ओळीत म्या काय म्हणलं ते ह्याला कळलंय, आन् पुस्तकात पण ते छापून आलंय.

त्या दिवसापासून मी त्याच्यापासून पळालो. तो गावाला आला की मी बाजारला. मी घरी आसलो की आजारी. त्याच्या लग्नाला गेलो, जेवलो, आहेराचा टावेल ठिवला आन् न भेटता आलो. बायकोला सांगितलं, लई मोठा माणूस झाला, बोलतच न्हाई आता. सगळ्यांनी इश्वास ठिवला. मोठ्या माणसाबद्दल असलं बोललेलं लोकांना लगेच खरं वाटतं.

मग औंदा, हळद शिजवायच्या दिवसांत, पोस्टानं एक पुडकं आलं. आत पुस्तक. सुनबाई म्हणली, “मामा, कादंबरी हाय. मिलिंद सरांनी लिवली. तुमच्या गावावर, लहानपणावर.”

सुनबाई लातूरची, बारावी झालेली, आवाज गोड. दुपारी भांडी उरकली की वसरीत बसून वाचायला लागली. आधी तिनं आतली यादी वाचली. पहिलं, पटरी. दुसरं, टोपली. तिसरं, गिलास. मी हाव हाव करत ऐकून राहिलो व्हतो. सगळ्यात शेवटी ती म्हणली, “नववं... अय्या. हाव!”

माझ्या हातातली बिडी वाकडी झाली.

“दाव बरं कुठं लिवलंय.”

तिनं बोट ठिवलं. “हे बघा. ह ला काना, हा. आन् हा व.”

“नववंच वाच ना आधी.”

“मामा, पुस्तक पहिल्यापासून वाचायचं आसतं.”

फाशीवाल्याला पण एवढं थांबवत नसतील. रोज एक प्रकरण. पुस्तकात माझं नाव राघू. मिल्यानं त्या पोराला सरळ दात दिलेत, कुरळे केस दिलेत. बायको ऐकून म्हणली, “ह्यो तुम्ही न्हाईतच. ह्यो लई शाना दिसून राहिला.” राघू आवाज काढतो आन् अख्खं टेशन हसतं. आन् झाडाच्या पल्याड एक पोरगं बसलंय, ज्याला बकरीशिवाय कुणाचाच आवाज येत न्हाई, ते पोरगं राघूवर जळतं. पानोपान जळतं! सुनबाई वाचायची आन् मला वाटायचं ती उलटं धरून वाचती. जळणारा मी व्हतो. माझी जागा ह्यानं घेतली कशी?

तिसरं प्रकरण वाचताना ती मधीच थांबली. त्यात आमचं घर व्हतं. आमच्या घराच्या कोनाड्यात एक जस्ताचा गिलास, कानाला पोचा आलेला. मिल्याला चहा त्याच्यातच. पिऊन झाला की तो सोता इसळून पालथा घालायचा. त्यानं लिवलं व्हतं: राघू ज्या घरात जाईल तिथं हाताला येईल तो गिलास त्याचा असायचा, मला त्याच्या विनोदांपेक्षा या गोष्टीचा जास्त हेवा वाटायचा.

तो गिलास म्या रोज बघितला व्हता. मिल्याला त्याच्यात चहा दिऊन त्याच्यावरच इनोद पण केला आसंल. गिलास दिसायचा, पण बघितला कधी न्हाई. बायको उठून आत गेली आन् उगाच भांडी आपटायला लागली.

आठवं संपलं त्या रात्री मला झोप न्हाई. सकाळी सुनबाईला म्हणलं, “पोरी, माहेरला जाऊन ये चार दिवस. मायची आठवण येत आसंल.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “मागल्या महिन्यात म्या मागत व्हते तवा तुम्ही म्हणले, हळद शिजवायची हाय.”

“हळद शिजली. जा.”

तिची पिशवी म्याच उचलून एसटीत ठिवली. माझ्यासारखा सासरा अख्ख्या एसटीत कुणाला नसंल.

दोन दिवस पुस्तक कोनाड्यात पडून राहिलं. त्याच कोनाड्यात, जिथं गिलास आसायचा. तिसऱ्या दिवशी, घरात कुणी न्हाई बघून, म्या ते काढलं. मागून उघडलं. काळं, सगळं काळं, मुंग्या लागल्यावानी. मग ध्यानात आलं, ह्या तर ओळी हायत. ओळी मला येतात. एका टोकापासून धरायची, उमललेल्याला हात लावायचा न्हाई, आपल्याला पायजे ती कळी तेवढी बघायची. बोट ठिवलं आन् निघालो. ह ला काना. व. ह ला काना. व. मान दुखायला लागली. एक ओळ उरकली, दुसरी उरकली. अर्ध्या पानावर सापडली. हाव.

पन्नास वर्षांत म्या वाचलेला पहिला शबूद. बोट तिथून निघंना. त्याच्या पुढं काय लिवलंय ते येत न्हाई, मागं काय लिवलंय ते येत न्हाई. नुसतं मधोमध माझं ते एक हाव.

शेवटी फोन लावला. सुनबाईचा चेहरा दिसला.

“मामा, तुमचा कान दिसून राहिला नुसता.”

“मी फोन पुस्तकावर धरतो. तू तिथून वाच.”

“एवढी घाई कशाची? मी परवा येते की.”

“वाच पोरी.”

ती लातुरातून वाचायला लागली. मधीच आवाज तुटायचा, मधीच चित्र थांबायचं. मी हात हलू नये म्हणून श्वास धरून बसलो.

‘मी ओळीच्या टोकापर्यंत गेलोच नव्हतो. डब्याची दोरी सुटली म्हणून अर्ध्यातून परत आलो होतो आणि झाडापलीकडे खाली बसून गाठ मारत होतो. गुरुजींचा आवाज ओळखला. परीक्षा आज आहे, हे ऐकलं. गुरुजींनी विचारलं, मिलिंद गेला का? माझ्यात आणि राघूत एक झाड होतं. तो म्हणाला, हाव.

‘मी उठू शकलो असतो. उठलो असतो तर राघू खोटा पडला असता. पण त्यासाठी मी थांबलो, असं म्हणणं हाही खोटेपणाच होईल. मला जायचं नव्हतं. घरात, शाळेत, वाड्यात, सगळे मला म्हणत होते, पुढे जा, आमच्यासाठी जा. थांब, असं जगात एकानंच म्हटलं, तेही माझ्या नकळत, एका शब्दात. वर्ष गेलं ते गेलंच. त्याचा हिशेब मी मांडला नाही असंही नाही. पण पुढे शहरात लोकांनी मला मान दिला, जागा दिली, हार घातले. माझी एवढी हाव पुन्हा कुणी केली नाही.’

चित्र थांबलं. मग सुरू झालं. सुनबाई हळूच म्हणली, “मामा, रडून राहिले का तुम्ही?”

“न्हाई. क्यामेऱ्यात पाणी गेलं.”

तिनं ते खरं धरलं. लई शानी पोरगी.

“मामा, सरांना काही लिवू का मोबाईलवर?”

म्या लई इचार केला. माफीचा शबूद मला माहीत हाय, पण तो माझ्या तोंडात बसत न्हाई, मी म्हणलो की लोक हसतात. “लिव,” म्हणलं, “मोगरा आलाय.”

घटकाभरानं तिचा फोन आला. सरांनी लिवलं व्हतं: रविवारी येतो, सकाळच्या गाडीनं. टेशनला ये.

म्हणून मी त्या बाकड्यावर बसलो व्हतो. साडेनऊ वाजून गेले. कुणीतरी म्हणलं गाडी लेट हाय. ऊन फलाटावर चढत आलं, आधी माझ्या चपलांवर, मग धोतरावर. मी फडकं सावलीत सरकवून राहिलो. टेशनच्या नळावर दोनदा भिजवून आणलं. तरी बोटाला लागायला लागलं, आत काहीतरी हळूहळू सैल होऊन राहिलंय. लातूरच्या दिवशीसारखंच. माझ्याच नशिबाला उमललेलं येतं.

काय बोलायचं ते ठरवून ठिवलं व्हतं. गाडीच्या दारातच म्हशीचा आवाज काढायचा, तो हसंल, मग पुढचं सोपं. दुसरा इनोद टकलावर. तिसरा सरळ दातांवर. घरी बायकोनं सगळे गिलास एकसारखे आणून ठिवले व्हते, नवे, कोणता कुणाचा ते तिलाच कळंना.

गाडी आली. उतरणारे, चढणारे, टोपलीवाले, बोजे, लेकरं. मी फडकं छातीशी धरून पुढच्या डब्यांकडं पळालो, मोठा माणूस पुढंच बसत आसंल म्हणून. तिथं न्हाई. मागं पळालो. तिथं न्हाई. गाडीनं शिट्टी दिली. म्हणलं, आला न्हाई. बरोबर हाय. कामून यावं?

तेवढ्यात मागून आवाज आला. नाकातला. आजारी बकरीवानी.

“काय रे सोंगाड्या, मिलिंद गेला का?”

म्या वळलो न्हाई. वळलो आसतो तर टक्कल दिसलं आसतं, चष्मा दिसला आसता, सर दिसले आसते. फडक्यातून मोगरा असा दरवळत व्हता की टोपलीवाले माना वळवून बघून राहिले व्हते. म्हैस आठवंना, घंटी आठवंना, एक सोंग आठवंना.

“न्हाई गुरुजी,” म्या म्हणलं. “न्हाई गेला. हितंच हाय, ओळीच्या पल्याड. थांबा, हाक मारतो.”

आन् चालत्या गाडीच्या आवाजावर, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी, घसा फुटंस्तोर हाक मारली.

“मिल्याऽऽ!”